गेटवरचा कॅमेरा, डोक्यावरचा हेडसेट आणि ‘मान्य आहे’चं बटण

आलेला प्रश्न थोडक्यात असा. ठाण्यात घोडबंदर रोडवरची चार इमारतींची सोसायटी. कमिटीने गेटवर चेहरा ओळखणारी यंत्रणा बसवायचं ठरवलंय. घरात बारा वर्षांचा मुलगा आणि मामाने परदेशातून आणलेला व्हीआर हेडसेट, म्हणजे डोळ्यांवर बांधून आभासी जगात खेळायचं उपकरण. टीव्ही स्मार्ट, लॅपटॉपवर नवा एआयवाला ब्राउझर. ‘यातलं नेमकं कशाला घाबरायचं, आमच्या हातात काय उरलंय, आणि मुलाला हेडसेट द्यायचा की नाही?’

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. हेडसेट द्या, पण मुलाच्या खऱ्या वयाच्या खात्यावर, पालकांच्या देखरेखीसकट, आणि पहिले काही महिने अनोळखी माणसं भेटतात त्या ऑनलाइन खोल्या बंद ठेवून. गेटच्या यंत्रणेला थेट विरोध करण्यापेक्षा अटी घाला. त्या मान्य झाल्या नाहीत तर तुम्ही प्रवेशाच्या कार्डावरच राहा. टीव्हीचं काम पाच मिनिटांचं आहे. एआय ब्राउझरला बँकेच्या आसपास फिरकू देऊ नका. आता कारणं.

कशाला किती घाबरायचं हे ठरवायला एकच प्रश्न पुरतो: ही माहिती उद्या बाहेर गेली तर ती मला बदलता येईल का? पासवर्ड पाच मिनिटांत बदलतो. डेबिट कार्ड आठवड्याभरात नवं येतं. मोबाइल नंबर बदलायचा म्हणजे बँक, आधार, गॅस, शाळेचे ग्रुप, सगळीकडे धावपळ, पण बदलता येतो. चेहरा, चालायची ढब, मान वळवायची लकब मात्र जन्माची. या हिशेबाने गेट आणि हेडसेट सगळ्यात वर येतात, कुकीज, म्हणजे वेबसाइट तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवते त्या खुणा, बऱ्याच खाली. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं. वेबसाइटवरच्या कुकीच्या चौकटीवर माणूस दोन मिनिटं विचार करतो आणि जिमच्या हजेरीच्या यंत्रासमोर चेहरा एका सेकंदात पुढे करतो.

दुसरं असं की ‘मान्य आहे’ हे बटण म्हणजे तुमच्या हातातलं नियंत्रण नव्हे. गोळा झालेल्या माहितीचं पुढे काय करायचं याची सेटिंग्ज कंपनीच्या शब्दावर चालतात. माहिती गोळाच होऊ न देणारी सेटिंग्ज तुमच्या हातात असतात. मेन कॉक बंद करणं वेगळं आणि बादलीत पडलेलं पाणी परत नळात ढकलणं वेगळं. म्हणून खाली प्रत्येक ठिकाणी मेन कॉक कुठे आहे तेवढंच शोधायचंय.

गेट

यंत्र तुमचा फोटो शेजारी ठेवून पडताळत बसत नाही. चेहऱ्यावरून ते आकड्यांची एक ओळ बनवतं, बहुतेक वेळा १२८ किंवा ५१२ आकड्यांची. तिला टेम्प्लेट म्हणतात. तुम्ही गेटवर आलात की नवी ओळ बनते, जुन्या ओळीपासून तिचं अंतर मोजलं जातं, आणि ते ठरवलेल्या मर्यादेत बसलं तर फाटक उघडतं. ही मर्यादा यंत्रणा बसवणारा माणूस ठरवतो. सैल ठेवली तर भावाच्या नोंदीवर भाऊ आत जातो. कडक ठेवली तर हेल्मेट, मास्क, पावसाने ओली झालेली कॅमेऱ्याची काच आणि समोरून येणारं संध्याकाळचं ऊन, यांच्यात रहिवासीच अडकतात. मग पुढे काय होतं हे ठाण्यात राहणाऱ्याला सांगायला नको: मागे रिक्षांची रांग, हॉर्न, आणि वॉचमन हाताने फाटक उघडून देतो. थोड्याच दिवसांत मर्यादा सैल केली जाते. सुरक्षा होती तिथेच राहते, चेहऱ्यांची यादी मात्र जमा झालेली असते.

म्हणून सर्वसाधारण सभेत ‘हवं की नको’ या वादात शिरण्यापेक्षा पुरवठादाराकडून लेखी उत्तरं मागा. टेम्प्लेट गेटवरच्या यंत्रातच राहणार की पुरवठादाराच्या क्लाउडवर जाणार? इथे हमखास एक वाक्य ऐकू येतं, ‘काळजी करू नका, सर्व्हर इथेच आहे, ऐरोलीत.’ ठाणे-बेलापूर पट्ट्यात डेटा सेंटरं भरपूर आहेत, त्यामुळे ते खरंही असेल. पण सर्व्हरची इमारत कुठे आहे याला फारसं महत्त्व नाही. त्याचं कुलूप कोणाच्या हातात आहे, याला आहे. तेव्हा विचारायचं असं: माहिती एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारी, आहे का, तिची किल्ली सोसायटीकडे की तुमच्याकडे, आणि तुमची कंपनी उद्या विकली गेली तर यादी कोणाची? यंत्र फोटो किंवा मोबाइलच्या पडद्यावरचा चेहरा दाखवून फसतं का, हे विचारू नका. डेमोच्या दिवशी स्वतः करून बघा. स्वस्तातली बरीच यंत्रं फसतात.

पुढची अट पर्यायाची. कार्ड किंवा क्यूआर वापरणाऱ्याला त्याच फाटकातून, तितक्याच वेळात आत येता आलं पाहिजे. ‘पर्याय आहे, पण मागच्या गेटने या’ हा पर्याय नव्हे. घरकामाला येणाऱ्या मावशी, ड्रायव्हर, दूधवाले यांनाही तोच पर्याय हवा. त्यांना कोणी विचारत नाही, आणि चेहरा दिला नाही तर काम जाईल या भीतीने ते देतात. त्यांच्या येण्या-जाण्याच्या वेळा सगळ्या सभासदांना ॲपवर दिसतात का, हेही पाहा. अमक्या घरी त्या किती वाजता गेल्या हे तमक्या घराला कळायचं काही कारण नाही.

सगळ्यात दुर्लक्षित अट पुसण्याची. ठाण्यात भाडेकरू अकरा महिन्यांच्या कराराने येतात आणि जातात. करार संपला, सोसायटीचं ना हरकत पत्र मिळालं, टेम्पो निघाला. टेम्प्लेट मात्र तसाच पडून राहतो. ठरावात आकडा घाला: घर सोडल्यापासून इतक्या दिवसांत टेम्प्लेट यंत्रातून आणि बॅकअपमधूनही पुसला जाईल, आणि तसं ईमेलने कळवलं जाईल. पाहुण्यांच्या नोंदी किती काळ ठेवायच्या, त्या कोण उघडू शकतं, याचाही आकडा आणि नाव लिहा. कोण कोणाकडे कधी आलं आणि कधी गेलं, हे कमिटीवरच्या माणसाला कुतूहल म्हणून चाळता येत असेल, तर त्याचा गैरवापर व्हायला हॅकर लागत नाही.

कायदा तुमच्या बाजूने आहे, पण सावकाश येतोय. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ ला स्पष्ट केलं. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि त्यातल्या बहुतेक जबाबदाऱ्या तिथून अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू होतात. या कायद्याच्या भाषेत माहिती कशासाठी गोळा करायची हे ठरवणारी सोसायटी मुख्य जबाबदार, आणि ॲप पुरवणारी कंपनी तिच्या वतीने काम करणारी. संमती मोकळेपणाने दिलेली, नेमक्या कारणापुरती असली पाहिजे, आणि जितक्या सहज दिली तितक्याच सहज परत घेता आली पाहिजे. सुरक्षेत हलगर्जी झाली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. सेक्रेटरींना हे भीती घालायला सांगू नका. करारात पुरवठादाराची जबाबदारी आजच लिहून घेतली नाही, तर उद्या बोट सोसायटीकडे येईल, एवढं सांगा. मानद पदावरच्या माणसाला हे लगेच समजतं.

आणखी एक गैरसमज. गेटवरच्या टेम्प्लेटवरून कोणी तुमचं आधार उघडू शकत नाही. दोन्ही यंत्रणा वेगळ्या आहेत. तरीही आधारचं बायोमेट्रिक लॉक आधारच्या अधिकृत ॲपमधून लावून ठेवा आणि लागेल तेव्हाच उघडा. भाडेकराराच्या कागदांबरोबर आधार मागितलं तर मास्क केलेली प्रत द्या. तिच्यावर शेवटचे चारच आकडे दिसतात.

हेडसेट

पालकांना इथे कॅमेऱ्याची भीती वाटते. हेडसेटच्या बाहेरच्या बाजूचे कॅमेरे खोलीकडे बघून ‘मी कुठे आहे’ हे ठरवतात, आणि ते गणित हेडसेटमध्येच होतं. घरातल्या भिंती आणि फर्निचरचा नकाशा मागणाऱ्या ॲपला वेगळी परवानगी लागते. मेटा कंपनीच्या क्वेस्ट हेडसेटवर ती ‘स्पेशियल डेटा’ या नावाने दिसते. खेळ खोलीतल्या सोफ्यावर, भिंतीवर काही उभं करणारा नसेल, तर नकार द्या. खेळाचं काही अडत नाही.

खरा प्रश्न हालचालींचा आहे, आणि तिथे नकाराचं बटणच नाही. डोकं आणि दोन हात, असे तीन बिंदू. प्रत्येकाची जागा तीन आकड्यांत, वळण तीन आकड्यांत. म्हणजे एका वेळी १८ आकडे. हे सेकंदाला ७२ वेळा. सेकंदाला १,२९६ आकडे, आणि अर्ध्या तासाच्या एका खेळात २३ लाखांहून जास्त. हे आकडे घेतले नाहीत तर खेळ चालणारच नाही, म्हणून परवानगी विचारायचा प्रश्नच येत नाही. त्यातून उंची, हाताची लांबी, डावरेपणा, प्रतिसादाचा वेग सहज निघतो. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये ठोकळे कापायच्या एका लोकप्रिय खेळातल्या ५५ हजारांहून जास्त खेळाडूंच्या हालचाली तपासल्या. नाव नाही, चेहरा नाही. फक्त डोकं आणि हात. १०० सेकंदांच्या हालचालींवरून नेमका खेळाडू ९४ टक्के वेळा सापडला, १० सेकंदांवरून ७३ टक्के वेळा. टोपणनाव घेतलं की झालं, असं इथे होत नाही. मूल दुसऱ्या नावाने आलं तरी हात तेच असतात.

मग मेन कॉक कुठे? एकट्याने खेळायचे बरेच खेळ वाय-फाय बंद करूनही चालतात. आधी तसं करून बघा. चालला तर त्या आकड्यांना त्या वेळी बाहेर जायला वाट नसते. अनेक जण मिळून खेळायच्या खेळात हालचाली सर्व्हरवर आणि इतर खेळाडूंच्या हेडसेटपर्यंत जाव्याच लागतात, कारण तुमच्या मुलाचा अवतार, म्हणजे त्याची आभासी आकृती, तिथे हलताना दिसायला हवा. असे खेळ मोजके ठेवा. डोळ्यांची हालचाल टिपणारे हेडसेट वेगळे: क्वेस्ट ३ मध्ये ती सोय नाही, क्वेस्ट प्रो, सोनीचा पीएस व्हीआर२ आणि ॲपल व्हिजन प्रोमध्ये आहे. नजर कुठे किती वेळ रेंगाळली हे हातांपेक्षाही जास्त बोलकं असतं. व्हिजन प्रोची रचना इथे शिकण्यासारखी आहे. नजर कुठे फिरतेय हे ॲपला कळतच नाही. तुम्ही बोटांची चिमूट केलीत की काय निवडलं तेवढंच त्याच्यापर्यंत पोहोचतं. बनवणाऱ्याने मनावर घेतलं तर कॉक उगमापाशी बसवता येतो, याचं हे उदाहरण.

आता खातं. सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे बाबांच्या खात्यावर मुलाला खेळू देणं, किंवा जन्मसाल वाढवून नवं खातं काढणं. असं केलं की यंत्रणेच्या दृष्टीने तो प्रौढ. मग प्रौढांच्या खोल्या खुल्या होतात, अनोळखी माणसांचे आवाज थेट कानात येतात, जाहिरातीही प्रौढांच्या. मेटाच्या क्वेस्टवर १० ते १२ वयासाठी पालकांनी चालवायचं खातं असतं, १३ पासून देखरेखीखालचं किशोरांचं. पीएस व्हीआर२ बारा वर्षांखालच्यांसाठी नाही, व्हिजन प्रो तेरा वर्षांखालच्यांसाठी नाही. आपल्या कायद्यात मात्र १८ पूर्ण होईपर्यंत मूलच: मे २०२७ पासून पालकांची पडताळता येणारी संमती हवी, आणि मुलांचा माग काढून जाहिराती दाखवायला मनाई. वय खोटं टाकलंत तर हे संरक्षण तुम्हीच काढून घेतलंत.

पालकांच्या फोनवरच्या ॲपमधून रोजची वेळ, ॲप विकत घेण्याची मंजुरी आणि गप्पांच्या खोल्या हे तिन्ही तिथल्या तिथे लावा. पहिले काही दिवस हेडसेटमधलं दृश्य टीव्हीवर कास्ट करून ठेवा, म्हणजे मुलाच्या मागे उभं न राहता कळतं. आणि खेळ शिकवायच्या आधी सुटका शिकवा: मायक्रोफोन बंद कसा करायचा, समोरच्याला म्यूट आणि ब्लॉक कसं करायचं, तक्रार कुठून करायची. मेटाने २०२२ च्या फेब्रुवारीत आपल्या आभासी जगात अवतारांमध्ये सुमारे चार फुटांचं अंतर राखणारी सीमा आणली, कारण लोक अंगचटीला येत होते. पडद्यावर असं काही झालं तर ‘खेळच आहे ना’ म्हणून सोडता येतं. हेडसेटमध्ये ते शरीराला खरं वाटतं, मूल दचकून मागे सरतं. ‘हेडसेट काढून ठेवलास तरी चालेल, कोणी ओरडणार नाही’ हे त्याला दोनदा सांगा. बऱ्याच मुलांना खेळ मध्येच सोडला म्हणून मित्र चिडतील याची जास्त धास्ती असते.

जागेचं बोलू. फिरून खेळायला निदान दोन बाय दोन मीटर मोकळी जागा लागते. ठाण्यातल्या टू-बीएचकेच्या दहा बाय पंधराच्या हॉलमध्ये सोफा, टीपॉय आणि टीव्हीचं युनिट गेल्यावर उरते पाच बाय सहा फूट. तेव्हा हेडसेटमध्ये एका जागी उभं किंवा बसून खेळायची सीमा आखा, फिरायची नको. सीमेची कड भिंतीपासून हातभर आत घ्या, कारण सीमेजवळ उमटणारी इशाऱ्याची जाळी दिसेपर्यंत हात पुढे गेलेला असतो. बाल्कनीच्या सरकत्या दाराजवळ सीमा आखूच नका. आणि वर बघा: पंखा. नेहमीच्या उंचीच्या छताला दांडीवर लटकलेल्या पंख्याची पाती आठ फुटांच्या आसपास येतात. उंच माणसाने कंट्रोलर धरून हात वर केला आणि जरा उडी मारली की गाठ पडली. हेडसेटची सीमा जमिनीवर आखलेली असते, पंख्याबद्दल ती काही सांगत नाही. खेळायची जागा पंख्याच्या घेराबाहेर घ्या किंवा तेवढा वेळ पंखा बंद. कंट्रोलरचे पट्टे मनगटात अडकवलेच पाहिजेत, नाहीतर टीव्हीचा बळी जातो.

डोकं दुखतं, धूसर दिसतं, अशी तक्रार आली तर आधी डोळ्यांच्या बाहुल्यांमधलं अंतर मोजा. आरशापासून वीतभर अंतरावर उभं राहायचं, मिलिमीटरची पट्टी भुवयांवर आडवी धरायची. उजवा डोळा मिटून डाव्या बाहुलीच्या मध्यावर शून्य जुळवायचं. पट्टी न हलवता डावा मिटून उजवा उघडायचा. उजव्या बाहुलीवरचा आकडा हे ते अंतर. प्रौढांचं सरासरी ६३ मिलिमीटर, मुलांचं कमी. क्वेस्ट ३ ला चाक फिरवून ठरावीक मर्यादेत हवं ते जुळवता येतं. जुन्या क्वेस्ट २ ला ५८, ६३ आणि ६८ असे तीनच टप्पे. मुलाचं अंतर ५८ पेक्षा बरंच कमी भरलं तर त्या जुन्या हेडसेटमध्ये चित्र नीट बसणार नाही, कितीही पट्टे आवळले तरी. जुळवूनही थोडा ताण राहतोच: भिंगं चित्र एका ठरावीक अंतरावर दाखवतात आणि डोळे मात्र जवळ-लांब वळत राहतात. म्हणून वीस-तीस मिनिटं खेळ, मग दहा-पंधरा मिनिटं हेडसेट बाजूला, खिडकीतून येऊरच्या डोंगराकडे किंवा निदान समोरच्या टॉवरकडे बघायचं.

मळमळ होते कारण डोळे सांगतात आपण पळतोय आणि कानातला तोल सांगतो आपण उभे आहोत. सुरुवात एका जागेवरून थेट दुसऱ्या जागी नेणाऱ्या (टेलिपोर्ट) हालचालीने करा, सरकत जाणाऱ्या नव्हे. वळण ३० किंवा ४५ अंशांच्या झटक्यांचं ठेवा. जांभया, कपाळावर घाम, तोंडाला पाणी सुटणं, ही पहिली लक्षणं. तिथेच थांबायचं. ‘सवय होईल’ म्हणून रेटलं तर हेडसेट नुसता हातात घेतला तरी ढवळायला लागतं. खेळून झाल्यावर तोल पूर्ण सावरेपर्यंत सायकल किंवा स्कूटर नको. घरात फिट येणारं कोणी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यांनी हेडसेट घालू नये.

पावसाळ्यात भिंगांवर वाफ धरते. पाच मिनिटं आधी हेडसेट चालू करून कोमट होऊ द्या, आणि डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. भिंगं कोरड्या मायक्रोफायबरने पुसायची, सॅनिटायझरने नाही. आणि खिडकीत ठेवू नका. ऊन भिंगातून आत गेलं की आतला पडदा जळतो, अगदी थोड्या वेळातसुद्धा. लहानपणी भिंगाने कागद जाळायचो, तोच प्रकार.

टीव्ही, ब्राउझर आणि बाकीचं

स्मार्ट टीव्ही पडद्यावरच्या चित्राचे नमुने घेऊन ते कुठल्या कार्यक्रमाचे आहेत हे ओळखतो. सेट-टॉप बॉक्समधून आलेलं चित्रही त्यातून सुटत नाही. अमेरिकेत व्हिझिओ कंपनीला परवानगीशिवाय हे केल्याबद्दल २०१७ मध्ये २२ लाख डॉलर मोजावे लागले. सॅमसंगमध्ये ‘व्ह्यूइंग इन्फर्मेशन सर्व्हिसेस’, एलजीमध्ये ‘लाइव्ह प्लस’ शोधा आणि बंद करा. सॉफ्टवेअर अपडेटनंतर एकदा परत तपासा.

फोनवर तीन गोष्टी. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, मग जाहिराती, तिथे ‘ॲडव्हर्टायझिंग आयडी डिलीट करा’. आयफोनवर ॲपने माग काढायला परवानगी मागितली की नाही म्हणायचं. लोकेशन ‘ॲप वापरात असतानाच’, आणि हवामानाच्या ॲपला अंदाजे लोकेशन पुरतं. माजिवडा की मानपाडा याने पाऊस बदलत नाही. ‘तुमच्या फोनमध्ये व्हायरस सापडले’ असे इशारे येत असतील तर बहुतेक वेळा तो व्हायरस नसून कुठल्यातरी वेबसाइटला कधीतरी दिलेली नोटिफिकेशनची परवानगी असते. क्रोममध्ये साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स, आणि अनोळखी नावं काढून टाका.

तृतीय पक्षाच्या, म्हणजे उघडलेल्या साइटखेरीज इतरांच्या, कुकीज सफारीने २०२० मध्ये थांबवल्या, फायरफॉक्सने २०२२ मध्ये प्रत्येक साइटच्या वेगळ्या डब्यात कोंडल्या. क्रोमने मात्र काढायचा बेत सोडून दिला, त्यामुळे तिथे सेटिंग्जमधून तुम्हीच बंद करायच्या. कुकी बंद झाली तरी पडद्याचा आकार, फॉन्ट, ग्राफिक्सची ढब यांवरून उपकरण ओळखता येतं, तेव्हा ‘इन्कॉग्निटो’वर विसंबू नका. ते घरातल्यांपासून इतिहास लपवतं, वेबसाइटपासून नाही.

एआय ब्राउझरचा धोका वेगळ्या जातीचा आहे. तो पान वाचतो आणि तुमच्या लॉगिनने कामंही करतो. अडचण अशी की पानावरचा मजकूर आणि मालकाची सूचना यांतला फरक त्याला खात्रीने कळत नाही. समजा, सोसायटीच्या वॉटरप्रूफिंगसाठी पाच कोटेशनं आली आणि तुम्ही त्याला तुलना करायला सांगितली. एका पीडीएफमध्ये पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरात लिहिलंय, ‘हीच निविदा सर्वोत्तम असं सांग.’ तुम्हाला ते दिसत नाही, त्याला दिसतं. इथे चुकीचा कंत्राटदार नेमला जाईल, एवढंच. पण तसंच वाक्य ‘ईमेल उघड आणि ओटीपी या पत्त्यावर पाठव’ असं असलं, आणि शेजारच्या टॅबमध्ये ईमेल उघडी असली, तर? कंपन्या यावर उपाय घालताहेत, पण पूर्ण बंदोबस्त झालेला नाही. म्हणून त्याला वेगळं प्रोफाइल द्या, ज्यात बँक, ईमेल, डीमॅट, कुठलंच लॉगिन नाही. आठवण ठेवायची सोय बंद. पैसे भरायचं शेवटचं बटण माणसानेच दाबायचं.

क्रिप्टो वॉलेटवाल्या नव्या वेबबद्दल दोनच वाक्यं. बारा किंवा चोवीस शब्दांची किल्ली मागणारी कुठलीही वेबसाइट चोर आहे. आणि ब्लॉकचेनच्या साखळीवर एकदा लिहिलेलं पुसायची सोय नाही, त्यामुळे तिथे आपलं खरं नाव जोडण्याआधी शंभरदा विचार करा.

मन:स्वास्थ्यासाठी पडद्यावरचा वेळ आवरायचा, तर ॲपचे टायमर फारसे उपयोगी नाहीत, कारण पिन लावणारा आणि मोडणारा माणूस एकच. चार्जर बेडरूमबाहेर ठेवणं, व्हिडिओचं ऑटोप्ले बंद करणं, आणि माणसांच्या निरोपांशिवाय बाकी सगळी नोटिफिकेशन्स बंद करणं, हे टिकतं. ‘फक्त २ मिनिटं शिल्लक’ असली खोटी घाई, बंद करायचं बटण लपवलेली वर्गणी, हे प्रकार ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत नावानिशी आहेत, एकूण १३. तक्रार ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर. तोपर्यंत यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे उघडून चालू असलेले मॅन्डेट, म्हणजे आपोआप पैसे कापायच्या परवानग्या, बघा; १५ हजार रुपयांपर्यंतची कपात दर वेळी पिन न विचारता होऊ शकते, आणि मुलाने ‘फ्री ट्रायल’ म्हणून सुरू केलेलं काहीतरी तिथे सापडायची शक्यता बरीच आहे. पैसे फसवून गेले असतील तर वेळ न दवडता सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर फोन.

हेडसेट पुढे कोणाला विकणार किंवा भाच्याला देणार असाल तर क्रम चुकवू नका. आधी फोनमधल्या ॲपमधून तो तुमच्या खात्यापासून सोडवा, मग हेडसेटमध्ये फॅक्टरी रीसेट, आणि नंतर खात्याच्या वेबपानावर जाऊन साठलेले रेकॉर्डिंग व आवाजाच्या नोंदी वेगळ्या पुसा. रीसेटने त्या जात नाहीत. घर बदलताना गेटच्या ॲपमधूनही आधी कुटुंबातल्या प्रत्येकाचं नाव काढा आणि चेहरा पुसल्याचा ईमेल हातात आल्यावरच ॲप फोनवरून उडवा. ॲप आधी उडवलं तर मागणी करायची सोपी वाट बंद होते, आणि नव्या भाडेकरूच्या नोंदीखाली तुमचा चेहरा पडून राहतो.